ओळखीतली एक मुलगी

चेंडू एका बाजूने उललेला, टपटप उडायचा त्याचा जीव कधीच गेलेला... ज्याच्या हातात चेंडू त्यानेच बोलायचं आणि बाईंनी स्वतः काही सांगायचं नाही – दोन्ही नियम बाईंचेच. नववीची मुलं खुर्च्यांचं कडं करून बसली होती. कादंबरीतली मुलगी घरी एक असते, बाहेर दुसरी. त्यातली खरी कोणती? पण आज गाडं रुतलं होतं. "दोन्ही खऱ्या," म्हणत एकाने चेंडू ढकलला, पुढच्याने "माझंही तेच."

मागच्या वर्षीही असंच रुतलं होतं, तेव्हा बाईंनीच नियम मोडून चेंडू हातात घेतला होता – "माझ्या ओळखीत एक मुलगी आहे. रोज शाळेत निघण्याआधी ती आरशासमोर हसायची तालीम करते." आणि मग काय बोलली पोरं! आदल्या संध्याकाळी भाजी निवडताना, मान वर न करता, बाईंच्या लेकीने सांगितलेलं ते... "आई, कुणाला सांगू नकोस हं." वेडी आहेस का, कुणाला सांगेन, असं म्हणाले होते मी. लेक शेजारच्याच तुकडीत. मी नाव नाही घेतलं, पण पोरं काय दुधखुळी असतात? मधल्या सुट्टीत तिला पहिल्यांदा कुणी विचारलं, "काय गं, आज तालीम झाली का?" मग रोजच. महिन्याभरात ती मावशीकडे राहायला गेली, तिथल्या शाळेत. फोनवर बोलते – हो, नाही, जेवले. माफी दहादा मागून झाली. दहाव्यांदा ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या तोंडून निसटलं नाही, आई. तुला तास छान व्हायला हवा होता."

काळजात ते वाक्य रुतून बसलंय. उलट्या काळजाची आहे का मी?

"बाई," खिडकीपाशी बसलेल्या बडबड्या मुलीने चेंडू पोटाशी धरला होता, "माझी ताई मागच्या वर्षी तुमच्या वर्गात होती ना... तुम्ही एका मुलीचं सांगितलं होतं म्हणे, आरशावालीचं. तिचं पुढे काय झालं?"

सांगून टाकावं. ती माझीच, माझ्यामुळेच गेली – कबुलीच ना ही, त्यात काय वाईट? बाईंनी तोंड उघडलं. चोवीस चेहरे पुढे झुकले, खुर्च्या करकरल्या, आणि बाईंच्या छातीत काहीतरी उबदार हललं... आता रंगणार तास. तो आनंद त्यांनी ओळखला. लेक बोलली होती त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मुलं हिरमुसली, पानं उलटू लागली. आज फोनचा दिवस. वर्षभर प्रत्येक फोनआधी बाईंनी एकच मागणं मागितलं होतं – आज तरी तिने मोकळेपणी बोलावं, मनातलं सांगावं. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, नको. मला काही सांगू नकोस, बाळा... अजून नको.