घरातले आकडे

"बिघडलेली? कोण म्हणतं बिघडलेली?" मोठीनं हातातली ओली चादर टोपलीत आपटली.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात स्टुलावर बसलेली संशोधक मुलगी दचकलीच. "मी नाही हो मावशी, आमचे सर म्हणतात. पुस्तकात तसंच छापून येणार आहे. तुमच्या तीन खेड्यांच्या तीन भाषा म्हणजे चिनी-तिबेटी कुळाची बिघडलेली शाखा."

"कशावरून?"

"आकड्यांवरून. एक ते दहा, सगळे त्या कुळाशी जुळतात. तीस वर्षांपूर्वी तुमच्या बाबांनीच सांगितले होते ना सरांना?"

मोठीनं कपाळाला हात लावला आणि खो खो हसली. वाहवा बाबा! पाहुणा वही घेऊन आला, बाबांनी त्याला बाजारातले आकडे दिले. त्या कुळाच्या शेजाऱ्यांकडून उचललेले, घासाघीस करायचे. घरातले आकडे घरात, परक्याला कशाला सांगायचे? आणि त्या शहाण्यानंही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. एवढ्यावर गडी तीन गावांची सोयरीक ठरवून मोकळा झाला!

पण हसू टिकलं नाही. घरातले आकडे येणारी आता ती एकटीच उरली होती. धाकटी बहीण गेल्या वर्षी गेली. वीस वर्षं दोघींनी याच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून चादरी मोजल्या होत्या. पाचापर्यंत मोठी, पुढचे पाच धाकटी. चिमण्या लागल्या कलकलाट करायला, म्हणून सगळे चेष्टा करायचे.

"तुझं ते आवाज टिपायचं यंत्र चालू कर," मोठी म्हणाली.

"मावशी, पुस्तक छापायला चाललंय. सर ऐकायचे नाहीत."

"कान धरून ऐकव. आम्ही कुणाचे कोण लागतो ते सापडलं तर सांगा, नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणा. त्यात लाज कसली? पण बिघडलेली म्हणायचं काम नाही!"

तिनं धुतलेल्या चादरींचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक चादर उचलत खणखणीत आवाजात मोजायला लागली. लिहिता लिहिता मुलीचा हात थांबला.

"अगं बाई! हे तर कशाशीच जुळत नाहीत. आता कुळापुढे प्रश्नचिन्हच टाकावं लागेल."

"टाक की. चांगलं ठसठशीत टाक."

पाचवी चादर ठेवून मोठी सवयीनं थांबली. समोर कुणीच नव्हतं.

"संपले?" मुलीनं हळूच विचारलं.

"संपतात कशाला!"

ती वळसा घालून टेबलाच्या पलीकडे गेली, धाकटीच्या जागेवर उभी राहिली आणि सहावी चादर उचलली.