उबाल्दोची मोटरवाली दुर्बीण

दुर्बिणीला मोटर बसवायची असं उबाल्दो इरियार्तेनं जाहीर केलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, म्हातारपणचं खूळ आहे, चार दिवसांत उतरेल. उभा जन्म त्यानं पिस्को दारूसाठी लावलेल्या द्राक्षमळ्यांना पाणी सोडलं, आणि अंधार पडला की अंगणातली लांबलचक पांढरी नळी हातानं ढकलत गावाला आकाश दाखवलं. कॉम्प्युटरच्या तो वाऱ्यालाही उभा राहत नसे.

"जमाना बदललाय," एवढंच तो ला सेरेना शहरात राहणाऱ्या मुलीला, यास्नाला, फोनवर म्हणाला.

खरं कारण त्याचा उजवा हात होता. वर्षभर तो थरथरत होता. नळीला बोट लावलं की भिंगातला तारा नाचायला लागायचा. दर हिवाळ्यात शाळेतली पोरं त्याच्या अंगणात यायची, आणि गेल्या खेपेला एका चिमुरडीनं विचारलं होतं, "आजोबा, हा तारा घाबरलाय का?" सगळे हसले. उबाल्दोही हसला, पण तो प्रश्न त्याच्या फार जिव्हारी लागला. हाताचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी बायको नोल्फालासुद्धा. आता पोरं पुन्हा शनिवारी यायची होती. मोटर लागून तारा स्थिर दिसला तर उत्तम, नाहीतर त्यानंतर दुर्बीण शाळेला देऊन टाकायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

आधीच्या रविवारी यास्ना मोटरी, पट्टे, एक डबी आणि बटणांचा रिमोट घेऊन आली. बापलेकीनं दिवसभर खपून ते सगळं दुर्बिणीच्या तिपाई बैठकीला जोडलं.

"आता याला दोन तारे ओळखून द्यायचे," अंधारल्यावर यास्ना म्हणाली. "नळी त्यांच्यावर नेमकी आणायची आणि सांगायचं, हा चित्रा तारा, हा मित्र तारा. मग बाकीचं आकाश हा स्वतः शोधतो. रोज शिकवायला नको. फक्त बैठक जागची हलता कामा नये."

तिनं बटण दाबलं. नळी गुणगुणत वळली आणि थांबली. उबाल्दोनं डोळा लावला. नरतुरंग तारकासमूहातला ताऱ्यांचा गोळा बरोबर मधोमध होता, आणि जरासुद्धा हलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडी फार आहे, असं तो म्हणाला.

यास्ना गेली, आणि दुसऱ्याच संध्याकाळी उबाल्दोनं तेच बटण दाबलं तर नळी तशीच गुणगुणली, तशीच ऐटीत थांबली, आणि आत काळाकुट्ट अंधार. गोळा नाही, काही नाही. यंत्र मात्र हे घे, दाखवला, अशा थाटात उभं.

"कुणी हात लावला का?" यास्नानं फोनवर विचारलं.

"कोण लावणार? कोंबड्या?"

"मग काही धक्काबिक्का बसला?"

"काही म्हणजे काहीही झालं नाही. दिवसभर शांत होतं."

मग त्यानं यंत्राला पुन्हा दोन तारे शिकवले. सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशीही सुरळीत. त्याच्या पुढच्या दिवशी परत अंधार. उबाल्दोची मती गुंग झाली. बिघडलं असतं तर समजू शकलो असतो, पण हे मनात येईल तेव्हा बिघडतं आणि मनात येईल तेव्हा नीट चालतं, याला काय म्हणावं?

"तुझ्या चादरी लागत असतील वाऱ्यानं," तो नोल्फावर घसरला.

"माझ्या चादरी तुझ्या दुर्बिणीपेक्षा शहाण्या आहेत, म्हाताऱ्या. वाळल्या की मुकाट घरात येतात."

त्यानं मांजराला कोंडलं. वायरी काढून परत खोचल्या, तारे पुन्हा शिकवले. आणि मग एक विचार त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. दुर्बिणीवरचं आच्छादन रोज कोण काढतं? आपणच. कुठल्या हातानं? गुरुवारी संध्याकाळी त्यानं उजवा हात खिशात कोंबला आणि डाव्या हातानं आच्छादन उचललं. बटण दाबलं. गोळा मधोमध. म्हणजे सापडला चोर. ज्या हातापायी मोटर बसवली, तोच हात मोटरीलाही पुरून उरला होता.

पण शुक्रवारी पुन्हा डाव्या हातानंच, अगदी श्वास रोखून आच्छादन काढलं, तर आत अंधार. आता तर त्याला काहीच कळेना. त्यानं डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिला. हाही सुरू झाला की काय? हात तसा स्थिर दिसत होता. पण आता कशावर विश्वास ठेवायचा? शेवटी त्यानं पुन्हा एकदा तारे शिकवले आणि उद्या काय होईल ते होवो म्हणून घरात गेला.

शनिवारी दुपारी यास्ना आली. स्वयंपाकघरात तिघं भोपळा घातलेल्या घेवड्यावर ताव मारत होती. नोल्फा शेजारणीच्या लेकीचं लग्न का मोडलं ते रंगवून सांगत होती. तेवढ्यात ग्लास किणकिणले, वरचा दिवा झुलला, बाहेर कुत्रं उठून पुन्हा बसलं. यास्नानं न बघता पाण्याचा जग धरला. नोल्फाचा हात मागं गेला आणि पाकातल्या पपईच्या बरण्यांच्या फळीवर तळवा टेकला. बोलणं चालूच होतं. सगळं थांबलं तसा हात परत आला.

"कालच्यापेक्षा लहान होता," ती म्हणाली आणि पावाची टोपली पुढं केली.

उबाल्दोचा चमचा अधांतरी राहिला. "काल झाला होता?"

"दुपारी. तू घोरत होतास."

"आणि सोमवारी?"

"झाला असेल. कोण लक्षात ठेवतंय? भांडी पडली नाहीत तर तो काय भूकंप झाला?"

उबाल्दो उठून अंगणात गेला. दुर्बिणीचा मागचा पाय अंगणातून जाणाऱ्या पाण्याच्या पाटावरच्या फरशीवर होता. ती फरशी कधीकाळी त्यानंच टाकली होती. त्यानं अंगठ्यानं दाबली, तर ती डुगडुगली. पायाच्या रबराचा धुळीत उमटलेला गोल वळ एकीकडे, आणि पाय बोटभर बाजूला. आजवर हे कळलंच नव्हतं, कारण तो रोज हातानं तारा नव्यानं शोधायचा. या यंत्राला मात्र वाटत होतं की काल होती तिथंच आज जमीन असणार.

"मी विचारलं होतं ना पप्पा, धक्का बसला का म्हणून?" मागून येऊन यास्ना म्हणाली.

"हा काय धक्का आहे?" उबाल्दो खरोखरच गोंधळून म्हणाला.

यास्ना पोट धरून हसली. मग दोघांनी तिपाई उचलून पक्क्या जमिनीत खड्डे करून रोवली.

अंधारताना पोरं आली, त्यांच्या शाळेच्या बाई आल्या. यंत्राला तारे पुन्हा शिकवायचे होते. "मी करू?" यास्नानं विचारलं. "नको," तो म्हणाला आणि उजव्या हातात रिमोट घेतला. अंगठा थरथरत होता, बटण एकदाच्या ऐवजी दोनदा दाबलं जात होतं. पण मोटरीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तारा संथपणे मधोमध आला आणि तिथंच राहिला. गेल्या वर्षीची चिमुरडी रांगेत पहिली होती. तिनं खूप वेळ डोळा लावला.

"आज नाही घाबरलेला," ती म्हणाली.

नोल्फा चहा घेऊन बाहेर आली. आनंदाच्या भरात उबाल्दोनं कपबशी उजव्याच हातानं घेतली, आणि कप बशीवर वाजायला लागला. नोल्फा बाईंशी बोलत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. तिचा हात आला आणि बशीखाली तळवा टेकला, दुपारी बरण्यांना टेकला होता तसाच. बोलणं चालूच होतं.

उबाल्दो त्या तळव्याकडे बघत राहिला. हल्ली आपला कप अर्धाच भरलेला का असतो, शर्टाची बटणं आधीच लावून का ठेवलेली असतात, हे आता त्याला एकेक करून उमगत गेलं.

"नोल्फा," बाई दुर्बिणीकडे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"भांडी पडली नाहीत ना अजून," ती म्हणाली. तळवा तिनं काढला नाही, आणि तो चहा उबाल्दोनं उजव्या हातानंच संपवला.