आठव्या वर्षाची कारवी

अठरा वर्षं मिलच्या साचेखात्यात काढलेल्या माणसाला राखणीचं काम देऊ नये, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ब्याऐंशीचा संप चिघळत गेला आणि मुलुंडच्या डोंगरापायथ्याशी राहणाऱ्या गुणाजीला नॅशनल पार्कात वॉचरचं हंगामी काम मिळालं, तेव्हा त्याचे कान कुणी तपासलेच नाहीत. जानेवारी ते पाऊस लागेपर्यंत रोजंदारी. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात आखलेले मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, साफ ठेवायच्या आणि धूर दिसला की धावायचं. गुणाजीनंही स्वतःहून काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ठार बहिरा नव्हता तो. समोरचा बोलला तर निम्मं ऐकू यायचं, निम्मं तो ओठांवरून उचलायचा. बारीक आवाज मात्र पार गेले होते. पाखराची चोच हलताना दिसायची, तेवढंच. मिलमध्ये याचं कुणाला काही वाटत नसे, कारण शंभर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात सगळे हातांनीच बोलत. धागा तुटला याची एक खूण, जॉबर, म्हणजे मुकादम, आला याची दुसरी. दोन्ही पंजे वर करून दहाही बोटं भराभरा थरथरवली की त्याचा अर्थ, सगळे साचे चालू. या खुणा त्यानं बायकोला, सुगंधाला, शिकवल्या होत्या आणि दोघं घरात त्यांवरच बोलत. ही शेवटची खूण मात्र संपापासून कुणी केली नव्हती.

कानाचं देणं देवानं नाकात टाकलं असावं. साच्याचा पट्टा घासून तापला तर गुणाजीला चार ओळींपलीकडून वास यायचा. तेच नाक जंगलात कामी आलं. तीन हंगामांत पाच वणवे लागले, पाचही वेळा धूर आधी त्यालाच कळला.

सोमवारी सुट्टी. त्या दिवशी शहाणा माणूस पाय पसरून झोपतो, पण हा फडक्यात दोन भाकऱ्या बांधून पुन्हा डोंगरात.

"सुट्टेक पण थयच जातलात?" सुगंधा दारातून विचारायची. "लगीन माझ्याशी केलात काय डोंगराशी?"

तो हसायचा आणि जायचा. जांभूळमाळाच्या उंच टेकडीवर चढून एका नजरेत खालचे तलाव बघायचा, एकामागे एक ठेवलेल्या ताटांसारखे. एकदा बसल्या जागी मागे वळला तर हाताच्या अंतरावर चितळाची मादी उभी. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तो भ्याला नाही आणि तीही भ्याली नाही. आपल्यासारख्या माणसाला हे बघायला मिळतंय, आणि तेही फुकट, याचं त्याला मनापासून नवल वाटायचं.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात, हंगाम नसताना, तो सुगंधाला घेऊन वर गेला होता, कारण त्या वर्षी कारवी फुलली. सात वर्षं नुसती पानं काढणारी ही झुडपं आठव्या वर्षी एकदम फुलतात आणि मरतात. आख्खा डोंगर जांभळा झाला होता. सुगंधा खाली उतरायला तयार होईना.

आता पंच्याऐंशीचा मे संपत आला होता. ती सगळी कारवी वाळून काड्या झाली होती आणि फॉरेस्टर शिवदास साहेबांची झोप उडाली होती. साहेब चंद्रपूरकडचे, बावीस वर्षं सागाच्या जंगलात काढून वर्षापूर्वी इकडे बदलून आलेले. हाक मारली की गुणाजी वळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "पुढच्या हंगामाची यादी मला करायची आहे," ते म्हणाले. "उद्या मी तुझ्याबरोबर फिरतो."

त्या रात्री गुणाजीला घास गेला नाही. पगारापायी तर होतंच, पण त्याहून जास्त, जंगल सुटणार म्हणून.

सकाळी हवा दमट होती, दव पडलं होतं. दोघं जाळरेषेनं कारवीच्या उतारापाशी आले आणि शिवदास जागीच थबकले.

"आग!" ते म्हणाले. "तडतडतंय. ऐक."

गुणाजीला काहीच ऐकू आलं नाही. त्यानं वर बघितलं, धूर नव्हता. वास घेतला. माती, दव, कारवीचा उग्र वास. बाकी काही नाही.

"आग नाय, साहेब."

"कान फुटले काय रे तुझे? आख्खा उतार पेटलाय! खालून वर येतेय. काडी लाव इथं." वणव्यावर हाच उपाय. येणाऱ्या आगीसमोर आपणच आग लावायची, म्हणजे तिला खायला काही उरत नाही.

माचीस गुणाजीकडे होती. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. जनाचं ऐकण्याची सोय नव्हती, तेव्हा त्याला मनाचंच करणं भाग होतं. त्यानं माचीस सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि तो कारवीत शिरला. मागे साहेब ओरडत असणार. त्यानं वळून बघितलं नाही.

डोक्यावरून उंच वाळक्या काठ्या. आपलं नाक चुकलं असेल तर सुगंधाला काय सांगतील, असा विचार आला, तरी तो काठ्या बाजूला सारत पुढे गेला. इतक्यात गालावर काहीतरी बसलं. मग कपाळावर. ठिणगी म्हणून त्यानं हात मारला, तर थंड. समोरचा वाळका तुरा त्यानं मुठीत धरला आणि मुठीत कुणीतरी टिचकी मारली. मूठ उघडली. दवानं भिजून बोंड उकललं होतं, त्यात चपटं तपकिरी बी.

त्यानं कमरेची बाटली काढली, दोन-तीन तुऱ्यांवर पाणी ओतलं आणि ते ओले तुरे छातीशी धरले. टिचक्या सुरू झाल्या; साहेबांना ऐकू आलेली आग ती हीच. एक, तीन, मग मोजता येईनात. आठ वर्षं धरून ठेवलेलं सगळं कारवी आता फेकत होती, डोंगरभर, आणि आपण हिला पेटवणार होतो. गुणाजीला रडू आलं. डोळे त्यानं पुसलेही नाहीत.

शिवदास काठ्या मोडत आत आले, लाल झालेले. गुणाजीनं एक ओला तुरा त्यांच्या मुठीत दिला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. एक बी त्यांच्या मिशीत अडकलं. त्यांनी टोपी काढली आणि पाठ फिरवून ते उताराकडे बघत राहिले. मग मागे वळले. त्यांनी काही विचारलं असावं आणि गुणाजीनं उत्तर दिलं नव्हतं.

"तुला हे ऐकू येत नाही?" आता ओठ दिसले.

"नाय, साहेब." मूठ उघडली एकदाची. "बारीक आवाज पहिल्यापासून येत नाय. इथं लागायच्या आधीपासून."

साहेबांनी हात पुढे केला. "माचीस दे." ती त्यांनी स्वतःच्या खिशात घातली. "यादीत कानाचा रकाना नाही. जानेवारीत ये."

"कसा आवाज आहे, साहेब?"

"लाह्या फुटतात तसा," शिवदास म्हणाले. मग मान हलवली. "नाही. मला नाही सांगता येत."

सोमवारी गुणाजी सुगंधाला घेऊन वर गेला. सकाळ तशीच दमट होती. कारवीच्या मधोमध तिला उभं करून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचे डोळे मोठे झाले. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि ऐकू येईल तसं बोटानं तळव्यावर ठोकू लागली. टिक. टिक टिक. मग भराभर, मग तिला जमेना.

तिनं त्याचा हात सोडला. दोन्ही पंजे वर केले आणि दहाही बोटं थरथरवली.