मधला फर्मा

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळं झालं, कचेऱ्यांवर ताज्या रंगाच्या पाट्या चढल्या, आणि पाट्या वाळतात न वाळतात तोच पावसानं पाठ फिरवली. भुजंग त्याच नव्या कचेऱ्यांपैकी एकीत कारकून होता. सुट्टीच्या दिवशी सगळं गाव घागरी घेऊन पाणी हुडकायला निघायचं, आणि हा पिशवी घेऊन पुस्तकं हुडकायला. तीही जुनी, तीही लढायांची.

"फौजेत जायचं राहून गेलं, म्हणून फौज पिशवीत भरून आणतेत," त्याची बायको शेजारणींना सांगायची.

रद्दीच्या दुकानात शिरायची त्याची एक रीत होती. आधी पाककृतीचं पुस्तक मागायचं. मग पंचांग. लढाईच्या पुस्तकाकडे ढुंकूनही बघायचं नाही, कारण गिऱ्हाइकाची हाव दिसली की रद्दीचा एकदम ग्रंथ होतो. शेवटी सहज उचलल्यासारखं उचलायचं, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, पानात नाक घालायचं. साहेबाच्या दिवाणखान्यात राहिलेल्या पुस्तकाला तंबाखूचा वास येतो, कचेरीत राहिलेल्याला वाळवीच्या औषधाचा.

पण हा नाद शौकाचा नव्हता. त्याच्या मुळाशी त्याचा चुलता होता.

लिंबाजीकाका अहमदपूरजवळच्या खेड्यात राहायचे. तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत होते, दुसऱ्या महायुद्धात लढून आले होते. एरवी ते बोलत नसत. पण यंदा टँकरच्या रांगेत बसून बसून त्यांची जीभ सैल झाली. एक दिवस म्हणाले, "ह्याला काय दुष्काळ म्हणता? आमी वाळवंटात होतो. एका बाटलीत दिवस काढायचा." आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लई पाऊस, बाबा. जंगलात पायातली कातडी सोलून निघायची, इतका पाऊस."

रांगेतल्या रामकिशननं, पाच एकरांच्या कोरड्या रानाच्या मालकानं, घागर खाली ठेवली. "मामा, काल वाळू होती. एका रात्रीत जंगल उगवलं व्हय? आमच्या रानात बी उगवू द्या की जरा."

"दोन्हीकडं होतो," काका म्हणाले.

"अन् मधी?"

काकांनी घागर पुढं सरकवली. मधलं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. झालं, रांग खदाखदा हसली. तेव्हापासून त्यांना बघितलं की कुणीतरी म्हणायचं, "छत्री घ्या, मामांची वाळू भिजायला लागली." हळूहळू काकांनी टँकरवर जाणं सोडलं, मग पारावर बसणं सोडलं, मग जेवण अर्ध्यावर आलं. भुजंगनं मनाशी धरलं होतं की कुठल्यातरी पुस्तकात काकांची लढाई सापडेल, आणि गावाच्या तोंडावर ते पान उघडून धरता येईल.

सापडलंही. नांदेडला वजिराबादच्या गल्लीत शिवमूर्ती नावाच्या बाइंडरचं दुकान होतं, पुढं रद्दी आणि मागं बाइंडिंग. तिथं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. मूळचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं, वर शिवमूर्तीनं नवा निळा पुठ्ठा चढवलेला. भुजंगनं मधूनच उघडलं तर वाळू. पुढं उघडलं तर जंगल, चिखल, जळवा. एकाच पुस्तकात! त्या दिवशी तो पंचांग मागायचंही विसरला.

गावी जाऊन तो काकांपुढे बसला आणि मराठीत सांगत सांगत वाचत गेला. काका मान डोलवत राहिले. "हाव. हाव, असंच." रामकिशन येऊन दारात उभा राहिला, ऐकून म्हणाला, "छापून आलंय म्हणल्यावर..." आणि निघून गेला. काकांनी त्या दिवशी भाकरी मागून घेतली.

फक्त एक खोड होती. एकशे शहात्तर पानानंतर थेट एकशे त्र्याण्णव पान यायचं. मधली सोळा पानं नव्हती, म्हणजे नेमका एक फर्मा. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा होतो, हे भुजंगला पक्कं ठाऊक होतं. वाळवंटातली फौज जंगलात कशी आली, ते त्याच फर्म्यात असणार. रामकिशननं विचारलेलं 'मधी' तेच. तेवढा मिळाला की संपलं.

पुढच्या सुट्टीला तो शिवमूर्तीपुढे पुस्तक घेऊन उभा राहिला.

"ह्यातला एक फर्मा तुमच्याकडं राहिलाय. हुडकून द्या."

शिवमूर्तीनं पुठ्ठे चिकटवायच्या चिकीचे हात लुंगीला पुसले, पानं चाळली आणि हसला. "फर्मा गिर्मा काही नाही, साहेब. ही दोन पुस्तकं हायेत. नावाचं पान सोडलं तर एकाचं तोंड शाबूत होतं, एकाचं शेपूट. वाळवीनं दोन्ही अर्धी खाल्ली. माप एक, कागद एक. म्या म्हणलं, दोन्हीकडं लढाईच तर हाय, कशाला फेकायचं? जोडून टाकलं."

"अन् पानांचे आकडे?"

"ते आपसूक जवळपास जुळले. मला बी बरं वाटलं."

भुजंगनं पुन्हा पान बघितलं. आता अक्षरांचं वळणही वेगळं दिसायला लागलं. इतके दिवस कसं दिसलं नव्हतं, कोण जाणे.

"उसवून देऊ का?" शिवमूर्तीनं विचारलं. "पैसे न्हाई घेत."

त्याला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. पुस्तक पिशवीत घालून तो एसटीत बसला. खिडकीबाहेर करपलेली रानं मागं पळत होती आणि डोक्यात विचार पुढं-मागं. पुस्तक खोटं ठरलं, म्हणजे काका खोटे ठरले का? पण काकांनी तर पुस्तकाच्या आधी सांगितलं होतं. की मी वाचत गेलो आणि म्हातारं माणूस नुसतं हाव हाव म्हणत गेलं? फौजेतला माणूस दोन्हीकडे गेलेला असू शकतो. असू शकतो म्हणजे गेला होता असं थोडंच आहे? गाव आलं तरी त्याचा निवाडा झाला नव्हता.

काका बाजेवर होते. केवळाबाईकाकू उंबऱ्याजवळ ज्वारी निवडत होत्या. भुजंगनं पुस्तक उघडून शिवणीवर बोट ठेवलं आणि जे होतं ते सांगून टाकलं.

काकांनी त्या शिवणीवरून नख फिरवलं.

"म्हंजी मधलं कुणीच लिवलं न्हाई?"

"ह्यात तरी न्हाई, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "न्हाई, बरं न्हाई झालं." मग पुस्तकाकडेच बघत बोलायला लागले. "आगबोटीनं मुंबईला आणलं आमाला. तिथून फौजेची गाडी, पूर्वेला. रजा पुढं मिळंल म्हणले. मनमाडला गाडी थांबली. चहा द्यायलेत म्हणून उतरलो, तर पलीकडं छोटी गाडी उभी. नांदेडला जाणारी."

काकूंचा हात सुपात थांबला.

"म्या गेलो तिच्यापाशी. दांडीला हात लावला. डब्यात आपल्याकडली माणसं, आपल्यावाणी बोलायलेली. एका बाईच्या मांडीवर पोर होतं. चढलो असतो तर दुसऱ्या दिवशी घरी. पण भगोडा म्हणले असते. शिट्टी झाली अन् माघारी आलो."

तेव्हा काकांच्या घरीही एक तान्हं पोर होतं, त्यांची लेक पंचफुला. भुजंगला ती फक्त काकूंच्या जात्यावरच्या ओवीतून माहीत होती:

लेक माझी पंचफुला । दारी फुलला मोगरा
बाप तिचा लष्करात । कसा ओळखील चेहरा

बापानं तो चेहरा कधी बघितलाच नाही. देवीच्या साथीत ती गेली, त्याची खबर काकांना जंगलात पोचली.

"मनमाडात होतात," काकू म्हणाल्या. "अन् चहा प्यालात?"

"प्यालो."

काकूंनी सूप बाजूला सारलं. काका मान खाली घालून बसले, आणि भुजंगला वाटलं, आता आभाळ कोसळतंय.

"मला बी इतकी वर्षं वाटायचं," काकू सावकाश म्हणाल्या, "की हे कुठंतरी छावणीत रोट्या भाजत बसले असतील अन् हितं येऊन गप्पा हाणतेत. वाळू काय, जंगल काय. आज पटलं. लढाईची फुशारकी कुणी बी मारंल. मनमाडची कोण मारतंय?"

काकांनी वर बघितलं. हसावं की रडावं हे त्यांना कळत नव्हतं, भुजंगलाही कळत नव्हतं.

"महिना कोणता होता?" काकूंनी विचारलं.

"ऊन होतं. न्हाई... ढग होते बग. का गाडीचा धूर होता?"

"ती आषाढात गेली."

गाडी त्याच्या आधीची असली, तर काका मनमाडात उभे होते तेव्हा लेक जिवंत होती. भुजंगनं वाळवंटाचं शेवटचं पान बघितलं, जंगलाचं पहिलं बघितलं. एक अर्ध्या वाक्यात तुटत होतं, दुसरं अर्ध्या वाक्यात सुरू होत होतं. तारीख कुठंच नव्हती.

तो निघाला तेव्हा काकू रस्त्यापर्यंत आल्या. पदराखालून त्यांनी चार बोरं त्याच्या हातावर ठेवली.

"फौज कवा हिकडं आली, ते मिळंल का रं कुठं छापलेलं?"

"मिळंल, काकू. वाळूवाल्या पुस्तकाचं शेपूट, न्हाईतर जंगलवाल्याचं तोंड. कुठंतरी रद्दीत असंल."

"मग हुडक. आषाढाच्या नंतरची गाडी असली, तर यांना येऊन सांग. चार घास जेवतील."

"अन् आदीची असली तर?"

काकूंनी वाटेकडे बघितलं. लांबून एसटीचा धुरळा उठलेला दिसत होता.

"तर हुडकलंच न्हाई म्हण."

भुजंग गाडीत चढला. अहमदपूरचं तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं विचारलं, तिथून पुढं नांदेड की लातूर, आणि रद्दीकडं जायचं की घरी, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं.