हिरडीतल्या ग्राहीचा राग

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. डॉक्टर मला रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत माझं नाव ग्राही. रायपूरला भनपुरीत राहणाऱ्या पद्मिनीबाईंच्या खालच्या हिरडीत, एका पेशीच्या भिंतीवर माझी जागा आहे. अर्धं अंग भिंतीबाहेर, अर्धं आत.

गरम भाजीने हिरडी पोळली, की शरीर निरोप धाडतं, ‘इथे नवी पेशी हवी.’ तो माझ्या बाहेरच्या अंगाला चिकटतो आणि मी तो आत पोचवतो. पेशी वाढते, एकीच्या दोन होतात, जखम भरते. मग मी गप्प बसतो. गप्प बसणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे. आमच्यातला एक झिजला, की पेशी आपल्याजवळच्या आराखड्यावरून दुसरा घडवते, म्हणून मी सगळ्यांच्या वतीने बोलतो आहे. वर्षानुवर्षं आम्ही बिनबोभाट राबलो. शाबासकी कुणी दिली नाही, आम्हाला नकोही होती. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

पद्मिनीबाई लग्न होऊन वर्ध्याहून इथे आल्या. यजमान गुलाबराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका सकाळी ओट्यावर बसून बोटाने गुडाखू घासत. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ कालवलेला काळा लगदा. बायका त्याला मंजन म्हणत, म्हणून पद्मिनीबाईही मंजन म्हणू लागल्या. आधी फक्त सकाळी, मग जेवण झाल्यावर, मग उगाच बसल्या बसल्या. डबीवर इशारा छापलेला असतो. पण ती किराणा दुकानात टूथपेस्टच्या शेजारी मिळते, मग तो वाचतो कोण?

त्या विषाने पेशीचा आराखडाच बिघडवला. पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ग्राही घडवू लागली आणि आमच्यातले कित्येक निरोप आला नसतानाही आत ओरडू लागले, ‘वाढा, वाढा.’ मीही त्यांतलाच. मला गप्प बसायचं होतं आणि बसता येत नव्हतं. हिरडीवर जखम झाली, ती भरेना. याला लोक कॅन्सर म्हणतात आणि नशिबाला बोल लावतात. नशिबाने का बोट बुडवलं होतं डबीत?

दवाखान्यात नागपूरहून नुकत्याच आलेल्या डॉक्टर गंधाली होत्या. त्यांनी विचारलं, “तंबाखू खाता का, काकू?”

“नाही बापा. ह्यांनी एकदा तंबाखूचा खर्रा आणला होता, तं मी नालीत फेकला.”

पद्मिनीबाई खोटं बोलल्या नाहीत. तंबाखू खातात, मंजन तर घासतात. डॉक्टरांनी मलम दिलं आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर यायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. ठणका लागला की त्या जखमेवर तोच गुडाखू घासत आणि हिरडी बधिर होई. “मंजनानं आराम पडते,” म्हणत. मित्रांनो, ज्याने मला बिघडवलं, तेच औषध म्हणून माझ्या अंगावर चोळलं जात होतं.

भाकर चावेना, दात हलायला लागला, तेव्हा गुलाबराव त्यांना पुन्हा घेऊन गेले.

“जखमेवर काही लावता का?” गंधालीताईंनी विचारलं.

“काही नाही.”

गुलाबराव हसले. “दिवसभर मंजनच करून राहते, मॅडम. मी म्हणतो, दात घासून राहिली का भांडे?”

“अन् तुमच्या पानानं भिंती रंगतात, त्या कोण घासते?” पद्मिनीबाई म्हणाल्या.

गंधालीताई हसल्या नाहीत. “कोणतं मंजन, काकू? दाखवा.”

पद्मिनीबाईंनी पिशवीतून डबी काढली.

“हा तंबाखू आहे, काकू.”

“काहून? हे तं मंजन होय. अख्खा पारा करते.”

जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. तो जबड्याच्या हाडात शिरला होता.

“मी पह्यल्याच टायमाले सांगितलं असतं तं?” पद्मिनीबाईंनी विचारलं.

“तर कदाचित हिरडीच्या तुकड्यावर भागलं असतं. आता हाडाचा भागही काढावा लागेल. पण तुम्ही वाचाल असं मला वाटतं. आणि काकू, मीही नीट विचारायला हवं होतं.”

गुलाबराव चष्मा पुसत राहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारीण ओट्यावरून म्हणाली, “आओ दीदी, मंजन कर लो.”

पद्मिनीबाई दारातच थांबल्या. “मंजन नोको म्हणू. तंबाखू म्हण. एकदा तोंडानं म्हणून पाह्य, मंग घास.”

शेजारणीचं बोट डबीवरच राहिलं.

उद्या मला कापून काढतील. त्याचा मला राग नाही. राग आहे तो तंबाखूला मंजन म्हणण्याचा. मित्रांनो, तुमच्या घरी मोठ्या माणसांना नुसतं ‘तंबाखू खाता का’ असं विचारू नका, ‘नाही’ म्हणतील. ‘तोंडात काय घासता, ती डबी दाखवा’ म्हणा. मी कितीही ओरडलो तरी ते पेशीच्या आतच राहतं. तुमचं बोलणं घरात ऐकू येतं.