तुरटीचं रायतं

"आंबा म्हणजे हापूस. बाकीच्यांना लोक उगाच आंबा म्हणतात," असे हरिश्चंद्रांनी देवरूखच्या आपल्या परसात उभे राहून जाहीर केले. झाड तोडायला आलेला रामा करवतीला तेल देता देता मान हलवत होता. घशाला रेडिएशन दिल्यापासून हरिश्चंद्रांना हापूस आणि ओला पुठ्ठा यांतला फरक कळत नव्हता. पण मत ठाम होते.

तोडायचे होते ते तुरटी नावाचे जुने रायवळ आंब्याचे झाड. नाव ठेवणाऱ्याने ते चाखून ठेवले असावे. फळ पिकले तरी हिरवेच, दोऱ्यांनी गच्च, आणि इतके आंबट की माकडेही दुसऱ्यांदा येत नसत. उकडून रायते केले तरच ते माणसांत यायचे. तेव्हाही ते विरघळत नसे आणि कितीही गूळ घातला तरी बधत नसे.

"इथं हापूसची कलमं लावतो. माझ्यामागं हिला उत्पन्न होईल."

"मला विचारलंत?" यमुनाबाई दारातून म्हणाल्या. "आधी जेवा. रामा, तूही बस. झाड कुठं पळतंय?"

"जेवून काय करू गो? सगळं सारखंच लागतं."

"मग सारखंच जेवा."

एसटीत कंडक्टर असताना डब्याला नावे ठेवणे हा हरिश्चंद्रांचा एकमेव छंद होता. आजारपणानंतर मात्र ते पानातले निमूट अर्धे खात आणि "छान झालंय" म्हणत. यमुनाबाईंनी त्या 'छान'ची धास्ती घेतली होती.

त्यांनी तुरटीचे रायते वाढले. हरिश्चंद्रांनी बोट चाटले. थांबले. एक डोळा बारीक केला.

"अगो, यात मीठ कुठाय?"

"काय म्हणालात?"

"मीठ, मीठ. आंबट लागतंय, गोड लागतंय, राई नाकात जातेय. मीठच तेवढं नाही. इतकी वर्षं रांधतेस, हाताला अजून माप नाही."

रामा ताटात बघू लागला. यमुनाबाई उठून काही काम नसताना ओट्याकडे गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"तिकडं काय करतेस? आणखी वाढ."

"काका, झाडाचं काय करू?" रामाने विचारले.

"राहू दे. पुढच्या वर्षी रायत्याला आंबे काय तुझ्या घरून आणू?"

यमुनाबाईंनी खिडकीतून तुरटीकडे पाहिले आणि कुणाला दिसणार नाही असे हात जोडले. मग पातेल्यातले बोटभर रायते चाखले.

मीठ घालायचे खरोखरच राहिले होते.