मौनाचा चाळिसावा दिवस

"आजींच्या पोटात कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. म्हाताऱ्याने पिशवीतून पाटी काढली, घाईघाईने 'कालपासून' असं लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली.

"यांना बोलता येत नाही?"

"येतं की," तपासणीच्या टेबलावरून बायको म्हणाली. "मौन धरलंय चाळीस दिवसांचं. उद्या सकाळी सुटेल."

म्हातारा निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होता. जन्मभर लोकांच्या तारा जोडल्या, आता आपली जोडतो, असं गमतीने सांगत त्याने मौन धरलं होतं. आत कोण बसलंय ते शोधा, तोंड मिटलंत काय नि उघडं ठेवलंत काय, सारखंच, असं सत्संगातले गुरुजी म्हणाले होते. त्यातलं तोंड मिटण्याचं, सोयीचं तेवढं त्याने उचललं. आत तो नुसते दिवस मोजत होता. उद्या सत्संगात पहिल्या रांगेत बसवून कौतुक होईल, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनची फिल्म उजेडात धरली. "हे कालचं नाही. आजी, खरं सांगा."

बायको छताकडे बघत राहिली. "यांच्या मौनाच्या पाचव्या दिवसापासून दुखतंय."

"मग आला का नाहीत?"

"मला फोन जमत नाही, दवाखान्यातलं काही कळत नाही. यांनाच तोंड उघडावं लागलं असतं. इतकं मनापासून धरलेलं, माझ्यापायी कशाला मोडायचं?"

ओट्याला टेकून, पोट दाबून उभी असलेली ती त्याला दिसली होती. त्याने पाटीवर लिहून विचारलंही होतं. ती 'अपचन' म्हणाली आणि त्याला हायसं वाटलं. मग एकदा ती न्हाणीघरात जमिनीवर बसलेली दिसली, तेव्हा त्याची ध्यानाची वेळ झाली होती. तो आसनावर जाऊन बसला. आता त्याला स्वतःची किळस आली.

डॉक्टरीणबाई त्याच्याजवळ आल्या. "महिन्यापूर्वी आणलं असतंत तर गाठ काढून टाकता आली असती," त्या हळूच म्हणाल्या. "आता फार पसरलंय."

"काहीच करता येणार नाही?"

त्याचा आवाज घोगरा, अनोळखी निघाला. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली.

टेबलावर बायको कोपरावर भार देऊन अर्धवट उठली होती. इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले.

"एक रात्रच राहिली होती हो," ती म्हणाली. "मग मी कशासाठी सोसलं?"